हॅमर म्हणतो ‘उत्तम’, यूपीव्ही म्हणते ‘शंकास्पद’: एकाच कॉलमचे दोन शेरे, कुणाचं धरायचं?

नीलमोहर

नमस्कार मंडळी,

आमचं घर दुमजली. पुढचा भाग जुना, चुन्यात बांधलेल्या जाड विटांच्या भिंतींचा. गिलावा सोडून भिंत ३५० मिमी भरते. मागचा भाग नंतर वाढवलेला, काँक्रीटचे कॉलम, बीम, स्लॅब. त्यालाही आता चाळीस वर्षं होऊन गेली. वर आणखी एक मजला चढवायचा विचार आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरनी स्पष्ट सांगितलं, आहे त्या बांधकामात किती दम आहे ते आधी तपासून आणा, मग गणित मांडू.

तपासणीवाले येऊन गेले. कॉलमवरचा गिलावा काढला, घासायच्या दगडाने पृष्ठभाग घासला आणि रिबाउंड हॅमर मारला. सरासरी रीडिंग ४१. हॅमरच्या अंगावरच्या आलेखावरून ताकद ४० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास, शेरा ‘उत्तम’. त्याच कॉलमवर अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, म्हणजे यूपीव्ही, घेतली. ती आली २.७ ते ३.१ किमी प्रति सेकंद, शेरा ‘शंकास्पद’. विचारलं तर म्हणाले, दोन्हीची सरासरी धरा.

विटांच्या भिंतीवरही तोच हॅमर मारला. दोन विटांचे टवके उडाले आणि रीडिंग १८ पासून ३५ पर्यंत वाटेल तसं आलं. त्यावरून रिपोर्टमध्ये भिंतीची ताकद म्हणून एक आकडा टाकलाय.

दोन्ही यंत्रं चालू असताना उत्तरं इतकी उलटी कशी येतात? आणि भिंतीच्या आकड्याला काही अर्थ आहे का? घरात माणसं राहतात, वर वजन चढवायचंय, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये.

टाकीवाला

यंत्रं बाजूला ठेवा आणि आधी डोळ्यांनी बघा. मी साइटवर सुपरवायझर होतो. कॉलमच्या कोपऱ्यात उभी चीर दिसतेय का, तिथून तांबूस डाग उतरलेत का, ते बघा. उभी चीर बहुधा गजाच्या रेषेतच असते. गज गंजून फुगला की कव्हर, म्हणजे गजावरचा काँक्रीटचा थर, फोडतो. मग छोट्या हातोडीने वरपासून खालपर्यंत ठोकत या. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, कव्हर सुटलेलं असेल तिथे आवाज बद्द येतो. तिथे खडूने खूण करा. अशा जागी हॅमरचं रीडिंग घेतलं असेल तर ते काटा.

कंपन

नीलमोहर, सरासरी अजिबात धरू नका. एक आकडा पृष्ठभागाच्या कठीणपणाचा, दुसरा आतून जाणाऱ्या लहरीच्या वेगाचा. त्यांची सरासरी म्हणजे काहीच नाही. मी चाचण्यांचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टाकीवालादादा म्हणतात ते खरंच पहिलं काम आहे, ते झालंय असं धरून पुढचं.

हॅमरच्या आत स्प्रिंगवर ओढलेलं एक वजन असतं. ते सुटून दांड्यावर आदळतं, दांडा काँक्रीटवर टेकलेला असतो, आणि वजन जितकं मागे उसळतं तो रिबाउंड नंबर. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी १९४८ च्या सुमारास हे यंत्र काढलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. नेहमीच्या एन प्रकारच्या हॅमरचा ठोका साधारण २.२ न्यूटन-मीटर ऊर्जेचा. एवढ्या ठोक्याला काँक्रीटचा वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर जाणवतो. तुमचा कॉलम ३०० मिमीचा असेल तर मधल्या बहुतेक काँक्रीटशी हॅमरची गाठच पडत नाही.

आता हा वरचा थर चाळीस वर्षांत बदललेला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्याची क्रिया होते आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. ते जास्त कठीण. याला कार्बोनेशन म्हणतात. जुन्या काँक्रीटवर यामुळे हॅमरचा अंदाज टोकाच्या वेळी दीडपटपर्यंत फुगतो. हॅमरच्या अंगावरचा आलेख मात्र प्रयोगशाळेतल्या कोवळ्या, कार्बोनेशन न झालेल्या क्यूबवरून, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्यांवरून, काढलेला असतो. म्हणजे तुमचे ४० प्रत्यक्षात २७ सुद्धा असू शकतात. असतीलच असं मी म्हणत नाही, पण रिपोर्टमधल्या कुठल्याच ओळीवरून ती शक्यता पुसली जात नाही. भारतीय मानक १३३११ च्या १९९२ च्या दुसऱ्या भागात तर साफ लिहिलेलं होतं की हॅमरवरून काढलेल्या ताकदीत अधिक-उणे २५ टक्के फरक धरावा. (ते मानक आता ५१६ च्या पाचव्या भागात गेलंय.)

यूपीव्हीचं वेगळं आहे. एका बाजूला लहर पाठवणारा ट्रान्सड्यूसर, समोरच्या बाजूला घेणारा, मधे ग्रीस. लहर पोहोचायला लागलेला वेळ मोजायचा आणि अंतराला त्याने भागायचं. ३०० मिमीचा कॉलम ७५ मायक्रोसेकंदांत पार झाला तर वेग ४ किमी प्रति सेकंद. १०० मायक्रोसेकंद लागले तर ३ किमी. चांगलं आणि शंकास्पद यांच्यात सेकंदाच्या दशलक्षांश भागांचे पंचवीस काय ते अंतर! आत पोकळी, चीर, हनीकोंब (खडीच्या मधे सिमेंट-वाळू न भरल्याने राहिलेली जाळी) असेल तर लहरीला वळसा घालावा लागतो, वेळ वाढतो, वेग उतरतो. त्या १९९२ च्या मानकाच्या पहिल्या भागात ४.५ च्या वर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खाली शंकास्पद अशी वर्गवारी होती. ती काँक्रीटच्या दर्जाची आहे, ताकदीची नाही. खडी बदलली की त्याच ताकदीच्या काँक्रीटचा वेग बदलतो.

म्हणजे वरून कठीण आणि आतून शंकास्पद, हे दोन्ही एकाच कॉलममध्ये एका वेळी खरं असू शकतं. यंत्रं भांडत नाहीयेत. पण यूपीव्ही कशी घेतली ते कळल्याशिवाय मी तिच्यावरही विश्वास टाकणार नाही. म्हणून एवढं सांगा:

ट्रान्सड्यूसर समोरासमोर लावले होते की दोन्ही एकाच बाजूला? अंतर प्रत्यक्ष मोजलं की नकाशातून घेतलं? ग्रीस लावलं होतं का? कॉलमच्या मागच्या बाजूचा गिलावा काढला होता का? हॅमर एका जागी किती वेळा मारला? आणि गुलाबी होणारं द्रावण कुठे फवारलं का?

नीलमोहर

कंपनताई, मनापासून आभार. मी पूर्ण वेळ बाजूला उभा होतो त्यामुळे बरंचसं सांगता येईल.

ग्रीस होतं. कॉलमची मागची बाजू भिंतीत गेलेली आहे, म्हणून दोन्ही ट्रान्सड्यूसर पुढच्याच बाजूला, एकाखाली एक, ३०० मिमी अंतरावर लावले. प्रत्येक जागी एकच माप. दोन कॉलम मोकळे आहेत, त्यांना समोरासमोर लावले. तिथे पुढचा गिलावा काढला होता, मागचा तसाच होता, आणि अंतर नकाशातलं ३०० धरलं. त्यांची रीडिंग २.९ आणि ३.१. हॅमर एका जागी चार-पाच वेळा मारला. बीमवर खालून वर मारला, तरी वाचताना आलेखातली तीच रेघ वापरली. फवारणी वगैरे काही नाही.

कंपन

तुम्ही लक्ष ठेवून उभे राहिलात हे फार बरं केलंत. आता बोलता येईल.

यूपीव्ही तीन पद्धतींनी घेतात: समोरासमोर, लगतच्या दोन बाजूंवरून आणि एकाच बाजूने. एका बाजूने घेतलेली ही तिन्हींतली सगळ्यात कमकुवत पद्धत. लहर पृष्ठभागाजवळून सरकते, येणारा सिग्नल फिका असतो, आणि ती नेमक्या किती अंतरातून आली हेच नक्की नसतं, कारण ट्रान्सड्यूसरला स्वतःची रुंदी असते. म्हणून एका अंतरावर एकच माप कधी घ्यायचं नसतं. पाठवणारा एका जागी ठेवायचा, घेणारा समान टप्प्यांनी लांब न्यायचा, १००, २००, ३००, ४०० मिमी असं, आणि अंतर-वेळ असा आलेख काढायचा. त्या रेषेचा उतार म्हणजे खरा वेग. रेषा मध्येच वाकली तर वरचा थर आणि आतला थर वेगळे आहेत, किंवा मध्ये चीर आहे, एवढंही कळतं. तुमची २.७ वाली सगळी मापं मी या कारणाने बाजूला ठेवीन.

मोकळ्या दोन कॉलमांचं: मागे गिलावा तसाच असेल तर लहर ३०० मध्ये गेलीच नाही, ३२० मध्ये गेली असेल. गिलाव्यातून ती सावकाश जाते, आणि गिलावा जागोजागी सुटला असेल तर मधल्या हवेच्या फटीपाशी जवळपास अडतेच. म्हणजे तिथला वेगही खराखुरा नाही. नीट मोजला तर तो वर सरकेल असं मला वाटतं. किती, ते मोजल्यावरच.

हॅमरकडे वळू. एका जागी निदान नऊ-दहा ठोके हवेत, एकमेकांपासून आणि कडेपासून सुमारे २५ मिमी राखून. खाली खडीचा दाणा आला तर रीडिंग चढतं, बुडबुडा आला तर पडतं. चार ठोक्यांत हे कळत नाही. खालून वर मारताना गुरुत्वाकर्षण वजनाला मागे यायला मदत करतं, रीडिंग मुळातच जास्त येतं आणि त्यासाठी आलेखात वेगळी रेघ असते. तुमच्या बीमचे आकडे म्हणजे कार्बोनेशनने एकदा फुगलेले आणि दिशेने दुसऱ्यांदा. आणखी एक विचारा: काम सुरू करण्याआधी हॅमर पोलादी ऐरणीवर तपासला होता का? तिथे रीडिंग ८० च्या जवळ, दोन इकडे-तिकडे, यायला हवं. न तपासलेल्या हॅमरचा आकडा मी रिपोर्टात लिहू देत नाही.

मी काय करीन ते सांगते. सगळ्या कॉलम-बीमवर हॅमर आणि यूपीव्ही नीट घ्यायची, पण ताकद काढायला नाही, नकाशा रंगवायला: कुठे बरं, कुठे मध्यम, कुठे वाईट. हॅमर या कामाला खरोखर चोख आहे, भरभर चालतो आणि एका इमारतीतला फरक इमानदारीने दाखवतो. मग तिन्ही रंगांच्या जागांमधून कोअर, म्हणजे भोक पाडून काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढायचे. ताकदीचा आकडा कोअर दाबूनच मिळतो. कोअरचा व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या किमान तिप्पट हवा. २० मिमी खडीला ६० च्या खाली जाऊ नये, १०० मिळाला तर छान. आधी कव्हर मीटरने गज शोधा, कोअरच्या वाटेत गज कापला गेला तर कॉलमचंही नुकसान आणि नमुनाही वाया. जागा तुमच्या इंजिनिअरनीच दाखवायची. काँक्रीट ओतताना पाणी वर चढतं, त्यामुळे कॉलमचा माथा पायापेक्षा बहुधा कमजोर असतो. सगळे कोअर खालून सोयीच्या उंचीवर काढले तर चित्र गोड येतं.

आणि हॅमर आणि यूपीव्हीचे आकडे एकत्र वापरायचीही एक रीत आहे, ‘सॉनरेब’ म्हणतात. ओलं काँक्रीट हॅमरचं रीडिंग पाडतं पण यूपीव्ही चढवतं. कार्बोनेशन हॅमरला फुगवतं, यूपीव्हीला फारसं नाही. चुका उलट्या दिशांच्या असल्याने, कोअरच्या ताकदीशी जुळवून दोघांचं मिळून एक समीकरण बसवलं की अंदाज एकट्याच्या अंदाजापेक्षा सुधारतो. पण कोअर हवेतच. दुसऱ्या कुठल्या इमारतीवरून काढलेलं तयार समीकरण तुमच्या खडीला लागू पडत नाही.

विटांबद्दल माझ्यापेक्षा चुनाविटा जास्त सांगतील.

चुनाविटा

आलोच. नीलमोहर, भिंतीचा तो आकडा खोडून टाका. एन हॅमर काँक्रीटसाठी आहे, विटेला तो ठोका झेपत नाही, टवके त्यामुळेच उडाले. विटेसाठी हलक्या ठोक्याचा वेगळा हॅमर मिळतो, आणि चुन्याच्या सांध्यासारख्या मऊ मालासाठी लंबकाचा. पण ते मिळाले तरी फक्त विटांची आपसात तुलना होते. १८ ते ३५ हा पसारा भट्टीतल्या विटांचा स्वाभाविक फरक असू शकतो. कच्ची वीट आणि पक्की वीट एकाच भिंतीत शेजारी बसलेल्या असतात.

मुख्य गोष्ट म्हणजे भिंत विटेपेक्षा बरीच कमी ताकदीची असते. मऊ चुना दाबाखाली बाजूला पसरू पाहतो, विटेला सोबत ओढतो आणि वीट ताणाने उभी चिरते. युरोकोड ६, म्हणजे विटा-दगडांच्या बांधकामाचं युरोपीय मानक, त्यातलं सूत्र यासाठी मला आवडतं: भिंतीची ताकद विटेच्या ताकदीच्या ०.७ घाताने आणि मसाल्याच्या ताकदीच्या ०.३ घाताने वाढते. हिशेब करून बघा. वीट दुप्पट चांगली घेतली तर भिंत सुमारे १.६ पट होते, मसाला दुप्पट केला तर जेमतेम १.२ पट. त्यामुळे चुना मऊ लागतोय म्हणून भिंत गेली असं लगेच समजू नका. गिलावा काढून चाकूच्या टोकाने सांधा खरवडा. कितीही आत गेलं तरी पावडरच निघत असेल तर काळजी. वरचं एक बोट भुसभुशीत आणि आत घट्ट असेल तर दरजा पुन्हा भरून काम होतं.

यूपीव्हीवाल्यांना भिंतीवर पाठवू नका. काँक्रीटसाठी ५४ किलोहर्ट्झच्या आसपासची लहर वापरतात, ती दर सांध्याला विखुरते आणि दोन-तीन विटांत विरून जाते. भिंतीसाठी हातोडीच्या ठोक्याची, कमी वारंवारतेची लहर लागते. ती पलीकडे पोहोचते आणि भिंत सलग आहे की मधे भराव टाकलाय ते सांगते. तुमच्या ३५० च्या भिंतीत भराव असायची शक्यता कमी, तरी एखादी वीट काढून आत बघून घ्या.

आता जी चाचणी मी कुणालाही आग्रहाने सांगतो: फ्लॅट जॅक. इटलीत रोस्सी यांनी खडकांसाठीची ही कल्पना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विटांच्या भिंतीवर आणली. आडव्या सांध्याच्या वर आणि खाली पितळेची किंवा पोलादाची बटणं चिकटवायची, त्यांच्यातलं अंतर बारीक मोजून ठेवायचं. मग तो सांधा करवतीने कापायचा. वरच्या वजनाने खाच किंचित मिटते, मिलिमीटरच्या लहानशा अंशाने, डोळ्याला काही दिसत नाही, पण गेजचा काटा हलतो. त्या खाचेत पोलादी पत्र्याचा चपटा जॅक सारायचा आणि तेल पंप करत राहायचं. बटणं मूळ अंतरावर परत आली की थांबायचं. त्या क्षणाच्या दाबाला जॅकच्या आणि खाचेच्या गुणकांनी गुणलं की भिंतीत आज प्रत्यक्ष किती ताण आहे ते हातात येतं. अंदाज तपासायला: भिंतीच्या एक मीटर लांबीवर १०० किलोन्यूटन वजन असेल तर ३५० च्या जाडीत ताण सुमारे ०.२९ न्यूटन प्रति चौरस मिमी. तुमच्या इंजिनिअरचं वजनाचं गणित आणि जॅकचा आकडा जुळतायत का, हे बघण्यातच निम्मं समाधान आहे.

दोन जॅक लावले, एक वरच्या सांध्यात आणि एक चार-पाच थर खाली, तर मधला तुकडा दाबून भिंत किती लवते ते कळतं, आणि पहिल्या बारीक चिरा दिसायला लागल्या की ताकदीचा अंदाजही. पण तुमचं घर दुमजली आहे, म्हणून एक सावधगिरी. वर पुरेसं वजन नसलं तर वरचा जॅक मधल्या तुकड्याला दाबण्याऐवजी वरचं बांधकामच उचलतो आणि वरच्या सांध्यांना चिरा पडतात. त्यामुळे ही चाचणी तळमजल्यावर, खाली, खिडक्यांपासून लांब घ्यायची आणि दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा. काम झालं की जॅक काढून खाच चुन्यानेच भरायची. सिमेंट ठासू नका, तेवढाच पट्टा ताठ होतो आणि शेजारच्या विटेवर भार येतो.

नीलमोहर

चुनाविटा, फ्लॅट जॅकचं पहिल्यांदाच ऐकलं. इंजिनिअरना कळवलं, त्यांनाही पटलंय. हॅमर आणि यूपीव्ही पुन्हा घेणार, कोअरही काढणार. कंपनताई, दोन शंका. कॉलमला भोक पाडलं की तो कमजोर होणार नाही का? आणि ते गुलाबी द्रावण कशासाठी?

कंपन

भोक असेपर्यंत तेवढं क्षेत्र कमी होतंच, म्हणून छोट्या कॉलममधून कोअर काढताना इंजिनिअर आधी हिशेब करतात, कधी तात्पुरता टेकू देतात, कधी तो कॉलम वगळून बीममधली कमी ताणाची जागा निवडतात. भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरून घ्या. उद्या भरू म्हणाले तर ऐकू नका.

द्रावण म्हणजे फिनॉल्फ्थेलिन. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या तोंडावर फवारायचं. अल्कधर्मी काँक्रीट गडद गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेला थर बेरंग राहतो. पट्टी लावून बेरंग थर मोजायचा आणि कव्हरशी ताडून बघायचा. कव्हर २५ आणि बेरंग थर १० असेल तर गजाभोवती अजून संरक्षण आहे. बेरंग थर गजापर्यंत पोहोचला असेल तर ओल मिळताच गंज सुरू होणार, मग कोअर कितीही ताकदवान निघो. अशा ठिकाणी हाफ-सेल पोटेन्शियल, म्हणजे गजाचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी, तीही घ्यायला सांगा. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्याही पलीकडे रीडिंग गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

प्रयोगशाळेला लेखी कळवा की कोअरची टोकं कापल्यावर बाहेरचा तुकडा फेकायचा नाही, तो फोडून त्यावर फवारणी करायची. आणि दाबण्याआधी प्रत्येक कोअरची यूपीव्ही लांबीच्या दिशेने घ्यायची. तिथे अंतर मिलिमीटरपर्यंत नक्की असतं, गिलावा नसतो, गज नसतो. आणि त्याच नमुन्याची ताकद लगेच पुढे मिळते. फक्त कोअर ओले आहेत की वाळलेले तेही प्रत्येकासमोर लिहून ठेवायला सांगा. ही जोडी तुमच्या कॉलमांच्या सगळ्या रीडिंगना आधार देणार आहे, आणि कोअर एकदा फुटला की ती परत मिळत नाही.